कुत्र्याचा ब्रश फिरायला हवा हिरडीच्या कडेवर

कुत्र्याच्या तोंडाला घाण वास असायचाच, असं बरेच जण धरून चालतात. मला ते अजिबात मान्य नाही. निरोगी तोंडाला खाल्लेल्या अन्नाचा थोडा वास येतो, तेवढाच. सडका वास येऊ लागला की हिरडीकडे बघायचं.

आमच्या चंपीचे दात मी रोज रात्री तिचं जेवण झालं की घासते. रोज अशासाठी, की दातावरचा चिकट थर काही तासांत पुन्हा धरू लागतो आणि दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांमुळे त्याचं कडक कीटण व्हायला लागतं. कीटण ब्रशने निघत नाही. त्यामुळे रविवारी एकदाच दाबून घासण्यापेक्षा रोजचं एक-दोन मिनिटांचं घासणं कितीतरी उपयोगी.

नव्याने सुरुवात करताना ब्रश लगेच काढू नका. कुत्र्याच्या समोर उभं न राहता शेजारी बसा. आधी नुसता ओठ उचला, सोडा, शाबासकी द्या. ते अंगवळणी पडलं की बोटावर कुत्र्यांची पेस्ट घेऊन हिरडीवरून फिरवा आणि मगच मऊ ब्रश आणा. त्याने डोकं मागे घेण्याआधी आपण थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो पळत नाही. चंपीला यात बरेच आठवडे लागले आणि मी ते लागू दिले.

जबडा उघडायची गरज नसते. तोंड मिटलेलंच ठेवून ओठाचा कोपरा मागे ओढा, ब्रश जरा तिरका धरा आणि दात जिथे हिरडीत शिरतो त्या कडेवर छोटे गोल फिरवा. दाताचा पांढरा भाग चमकवण्यात वेळ घालवू नका; दुखणं त्या कडेखाली सुरू होतं. आतली बाजू जिभेने बरीचशी साफ राहते, बाहेरची मात्र आपल्याला करावी लागते. सगळ्यात जास्त लक्ष वरच्या मागच्या मोठ्या दाढेकडे द्या. लाळेच्या ग्रंथीचं तोंड तिच्याजवळच उघडतं, म्हणून कीटण तिथे लवकर साचतं.

माणसांची पेस्ट कधीही वापरू नका. कुत्रा ती गिळतो, आणि तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असेल तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. कुत्र्यांची पेस्ट नसेल तर नुसता ओला ब्रश चालेल.

चघळायला हाडं, शिंगं, खूर देऊ नका, त्याने हीच मोठी दाढ तडकते. नखाने दाबल्यावर जे जरासुद्धा दबत नाही, ते दाताला फार कडक.

आठवड्यातून एकदा चांगल्या उजेडात तोंड बघा. हिरडीच्या कडेला लाल रेघ, एकाच बाजूने चावणं, तोंडातून घास पडणं, डोळ्याखाली सूज: यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. डोळ्याखालची सूज बऱ्याचदा वरच्या दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवाची असते. पिल्लाचे 28 दुधाचे दात जाऊन 42 पक्के दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत येतात. दुधाचा सुळा न पडता पक्का शेजारीच उगवला असेल तर तो दाखवायलाच हवा. लहान जातींत हे जास्त होतं.

हिरड्या आधीच सुजून रक्त येत असेल तर घरी घासायला सुरुवात करू नका. दुखऱ्या तोंडाला ब्रश लागला की कुत्रा ब्रशच्या कायमचा विरोधात जातो. आधी डॉक्टरांकडून सफाई करून घ्या, आणि ती भूल देऊनच. भूल न देता वरवर खरवडल्याने दात पांढरे दिसतात, पण हिरडीखालची घाण तशीच राहते, मुळांचा एक्स-रेही निघत नाही. वय झालेल्या कुत्र्याच्या भुलेची भीती वाटणं साहजिक आहे. भूल देण्याआधी रक्ततपासणी करा असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, हृदयाचं काही जुनं दुखणं असेल तर तेही सांगा, आणि परत ब्रश कधीपासून लावायचा हे तिथेच विचारून घ्या.