परागकणांची ॲलर्जी आणि परदेशातली फळं

सफरचंदाचा एक घास घेतला की दोन मिनिटांत टाळूला खाज, ओठ चुरचुरतात, कानात आतून गुदगुल्या, पण तेच सफरचंद पायमधे भाजलेलं असलं की काहीच नाही. असं होत असेल तर फळावर केमिकल मारलंय म्हणून धूत बसू नका, काही उपयोग नाही. बर्च झाडाच्या परागकणातलं प्रोटीन आणि सफरचंदातलं प्रोटीन जवळपास सारखं असतं, शरीर गंडतं. हे प्रोटीन उष्णतेने मोडतं म्हणून शिजवलेलं बहुतेकांना चालतं.

परदेशात जायच्या आधी ॲलर्जीची टेस्ट करून आपला परागकण कुठला ते बघून घ्या. बर्चवाल्यांना बाधू शकतात सफरचंद, पेअर, चेरी, पीच, किवी, हेझलनट, कच्चं गाजर, सेलरी. रॅगवीडवाल्यांना (हे एक तण) कलिंगड, खरबूज, केळं, काकडी. सगळ्यांना सगळं बाधतं असं नाही, पण सीझनमधे (उत्तर युरोपात बर्च साधारण एप्रिल-मे) एरवी पचणारं फळही त्रास देतं.

हॉटेलच्या ब्रेकफास्टला कापलेल्या फळांच्या बाऊलला मी हातच लावत नाही, एकच चमचा सगळीकडे फिरत असतो. जॅम, डबाबंद फळं, पाश्चराइज्ड ज्यूस घ्या, समोर काढलेला ज्यूस आणि स्मूदी नको. बर्चवाल्यांनो, सोया मिल्क तर नकोच, ग्लासभर गटागट पोटात जातं आणि मोठी रिॲक्शन येऊ शकते.

लेबलवर फार विसंबू नका. युरोपियन युनियनच्या सक्तीच्या १४ ॲलर्जनमधे सेलरी, सोया, नट्स आहेत, सफरचंद-पीच नाहीत. जपानमधे सफरचंद, पीच, किवी लिहायची फक्त शिफारस आहे. त्यामुळे तिथल्या भाषेत एक चिठ्ठी करून ठेवा, फळांची नावं आणि खाली 'कच्चं चालत नाही, शिजवलेलं चालतं'.

पण शिजवलेल्या पीचनेही अंगावर गांधी उठत असतील तर तुमचं प्रकरण वेगळं, तुम्हाला बाधणारं प्रोटीन दुसरं असू शकतं, ते उष्णतेला दाद देत नाही, ही चिठ्ठी तुमच्यासाठी नाही, आधी डॉक्टर गाठा.

नुसती खाज असेल तर थुंका, चूळ भरा, थांबा. श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली तर ॲलर्जीच्या गोळीची वाट न बघता अ‍ॅड्रेनालिनचं पेन (डॉक्टरांनी लिहून दिलेलं तयार इंजेक्शन) मांडीत टोचा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा, युरोपियन युनियनमधे ११२. पेन आणि प्रिस्क्रिप्शन केबिन बॅगेतच. आणि नवीन फळाचा प्रयोग विमानात, दारूसोबत किंवा ट्रेकच्या आधी करू नका.