ट्रान्सप्लांटनंतर विरळ केस झाकताय? शेड निवडताना या चुका टाळा

ट्रान्सप्लांट झालेल्या डोक्यावर तीन तऱ्हेचे केस असतात. मागून काढून पुढे लावलेले. मूळचे, पण दिवसेंदिवस बारीक होत चाललेले. आणि कानशिलावरचे, जे सहसा गळत नाहीत पण पांढरे मात्र सगळ्यात आधी होतात. तिघांचा रंग, जाडी, चमक सारखी नसते. आणि दुकानात जाऊन आपण मागतो काय, तर "काळा द्या". बेळगावात माझ्या सलूनमध्ये निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूरकडून गिऱ्हाइकं येतात. ज्यांचं कन्सीलर, म्हणजे विरळपणा झाकायची रंगीत पूड, दारातून आत येतानाच ओळखू येतं, त्यातल्या बहुतेकांची गडबड इथेच झालेली असते. माल चांगला असतो, शेड चुकीच्या केसांकडे बघून घेतलेली असते.

मुळात ट्रान्सप्लांटनंतरही झाकायची वेळ का येते, हे आधी समजून घ्या. मागून काढता येणारे केस मोजकेच असतात, म्हणून सर्जन पुढे पूर्वीइतके दाट लावत नाहीत. निसर्गाने दिलेल्या दाटीच्या साधारण निम्मी दाटी साधली तरी डोकं भरलेलं दिसतं. ट्यूबलाइट थेट वरून पडली किंवा केस ओले झाले की मधली टाळू डोकावते. ती फट झाकणं एवढंच कन्सीलरचं काम. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे फायबर, बारीक तंतूंची पूड. टॉपिक या ब्रँडमध्ये ते केराटिनचे (केस ज्याचे बनतात त्याच प्रथिनाचे) असतात, कबोकी या ब्रँडमध्ये वनस्पतीचे. असलेल्या केसांना चिकटून ते केस जाड दाखवतात. दुसरा म्हणजे स्पंजने लावायची दाबलेली पावडर, जी थेट टाळूला रंग देते. जिथे केसच नाहीत तिथे फायबर धरत नाही. गुळगुळीत टकलावर डबी रिकामी करून काही उपयोग नाही.

घाई करू नका

पहिल्या दहा दिवसांत ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट लावलेले केस, अजून पक्के बसायचे असतात. त्यात खपल्या असतात, जखमा ओल्या असतात. लग्न असो नाहीतर वास्तुशांत, या काळात डोक्यावर काहीही शिंपडायचं नाही. खपल्या पूर्ण पडून टाळू स्वच्छ झाल्यावर, सहसा तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टर परवानगी देतात. पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळी मुदत सांगितली असेल तर तीच पाळा. तोपर्यंत सैल टोपी, तीही त्यांना विचारूनच.

दुसऱ्या आठवड्यापासून दोनेक महिन्यांपर्यंत लावलेले केस गळून पडतात. कधी शेजारचे मूळचे केसही धक्क्याने गळतात. हे अपेक्षितच असतं, मुळं आत शाबूत असतात. पण माणूस घाबरतो आणि याच काळात सगळ्यात गडद शेडची सगळ्यात मोठी डबी मागवतो. त्या वेळी पुढच्या भागात फायबर धरायला केसच नसतात. ते टाळूवर काजळीसारखं बसतं आणि घाम आला की कपाळावर उतरतं. हे महिने केस बारीक ठेवून घालवावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

"आपले केस काळेच" हा समज

आपल्याकडचे बहुतेक केस घरात काळे दिसतात, उन्हात नेले की तपकिरी झाक दाखवतात. रोज दुचाकीवर फिरणाऱ्याचे, शेतात किंवा साइटवर काम करणाऱ्याचे तर जास्तच. नवीन उगवणारे ग्राफ्टचे केस सुरुवातीला बारीक, थोडे वेडेवाकडे आणि म्हणून फिकट दिसतात. त्यांच्यामध्ये जेट ब्लॅक पूड पडली की केस आणि पूड वेगवेगळी दिसतात.

मागच्या उन्हाळ्यात खानापूरकडचा एक नवरदेव आला होता. ट्रान्सप्लांट होऊन सात-आठ महिने झालेले, पुढे छान उगवण, भोवरा अजून विरळ. सोबत ऑनलाइन मागवलेली काळी डबी. आत खुर्चीवर बसवून लावलं तेव्हा ठीक वाटलं. मग त्याला दाराबाहेर उन्हात उभं केलं. कपाळाच्या वर निळसर काळा पट्टा आणि कानशिलावर तपकिरी केस, असे दोन रंग सरळ दिसत होते. त्याचा भाऊ बघून म्हणाला, "डोकीला काय लावलास रे हे?" एका पांढऱ्या कागदावर त्याच्या केसांचे दोन-चार तुकडे ठेवले, शेजारी डबीतली चिमूटभर पूड. फरक त्यालाही कळला. धुऊन, वाळवून, पुढच्या दोन बोटं भागात डार्क ब्राऊन लावलं आणि काळं फक्त भोवऱ्यावर. परत उन्हात नेलं. "आता काय कळंना," भाऊ म्हणाला.

ही कागदाची पारख घरी कोणालाही जमते. केस कापताना विरळ भागातले चार केस आणि कानशिलावरचे चार केस वेगळे ठेवा. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, पण थेट ऊन टाळून जुळवा. एलईडीच्या पांढऱ्या उजेडात काळा आणि गडद तपकिरी सारखेच वाटतात. मोबाइलच्या पडद्यावरच्या रंगावर तर अजिबात विसंबू नका. एका कंपनीचा डार्क ब्राऊन दुसऱ्या कंपनीच्या मीडियम ब्राऊनइतका फिकट असू शकतो, आणि उघडलेली डबी सहसा कोणी परत घेत नाही. म्हणून पहिल्यांदा लहान डबीच घ्या.

दोन शेडमध्ये अडकलात तर? भोवऱ्यासाठी गडद, कपाळाजवळ फिकट. केसांचं मूळ सावलीत असतं, म्हणून भोवऱ्यावर गडद रंग खपून जातो. कपाळाच्या कडेला तोच रंग शाईने रेघ ओढल्यासारखा दिसतो.

पांढरे, मेंदी लावलेले आणि डाय केलेले केस

ही सगळ्यात गुंतागुंतीची बाब, आणि पस्तिशी-चाळिशीनंतर ट्रान्सप्लांट करणाऱ्या जवळपास सगळ्यांची. डोक्याच्या मागचे केस पांढरे व्हायला उशीर लागतो. तेच पुढे लावले जातात. त्यामुळे कानशील पिकलेलं आणि कपाळावरचे केस काळेभोर, असं चित्र तयार होतं. त्यात पुढे पुन्हा काळं फायबर घातलं की विग घातल्यासारखं वाटतं. अशा डोक्याला एक शेड पुरतच नाही. टाळूची फट बुजवायला आधी गडद तपकिरीचा हलका थर द्या, मग कानशिलाकडे जाताना करड्या शेडची चिमूट मिसळत जा. दोन्ही शेड एका डबीत कालवून ठेवू नका. पांढऱ्याचं प्रमाण डोक्यावर जागोजागी वेगळं असतं, त्यामुळे मिश्रण कुठेच जुळत नाही.

केस पूर्ण पांढरे असतील तर उलटा प्रश्न येतो. केस उजळ आणि टाळू सावळी, म्हणून पांढरं फायबर खडूसारखं उठून दिसतं. तिथे मधला करडा रंग बरा.

मेंदी लावणाऱ्यांचे पांढरे केस नारिंगी-तांबूस झालेले असतात. त्यावर काळं अगदी विजोड दिसतं. तांबूस तपकिरी शेड आणि डार्क ब्राऊन असा जोड वापरा. डायवाल्यांनी शेड डाय केलेल्या दिवशीच्या केसांशी जुळवू नये. आठ-दहा दिवसांनी डाय थोडा उतरतो, तेव्हा जुळवा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे पंधरा दिवसांत मुळाशी पांढरं दिसू लागतं. तेवढ्यापुरतं फायबर चालतं, सारखा डाय लावण्यापेक्षा बरंच. ट्रान्सप्लांटनंतर पहिला डाय कधी, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच. डायमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी काहींना असते आणि कोवळ्या टाळूवर ती फार त्रास देते. कन्सीलरसुद्धा पहिल्यांदा कानामागे किंचित लावून एक दिवस थांबा.

शेड बरोबर, तरी रंग चुकतोय?

मग तेल तपासा. आपल्याकडे सकाळी खोबरेल लावल्याशिवाय बाहेर न पडणारी माणसं खूप. तेलकट केसांवर फायबरच्या गुठळ्या होतात आणि रंग एक शेड गडद दिसतो. जेलचंही तेच. क्रम असा ठेवा: धुतलेले, पूर्ण कोरडे केस, भांग पाडून झालेला, मग फायबर, बोटांनी हलकं थापटणं, शेवटी होल्ड स्प्रे, म्हणजे पूड जागेवर धरून ठेवणारा फवारा. मिनॉक्सिडिल (केसगळतीवर टाळूला लावायचं औषध) लावत असाल तर ते आधी, आणि पूर्ण वाळू द्या. चार तास थांबता आलं तर उत्तम. ओल्या मिनॉक्सिडिलवर पूड टाकली तर औषधही वाया आणि पूडही.

दुसरं कारण आपली हवा. फायबर केसाला स्थिर विजेच्या ओढीने चिकटतं, आणि दमट हवेत ती ओढ कमी होते. जुलैत जांबोटी-कणकुंबीकडे राहणाऱ्याला एप्रिलमधला हात चालत नाही. थर पातळ ठेवा, ड्रायरचा थंड वारा द्या, स्प्रे चुकवू नका. जोराच्या पावसात मात्र कुठलाही स्प्रे टिकत नाही. अशा दिवशी फायबरऐवजी दाबलेली पावडर जास्त तग धरते, आणि तिची शेड केसांपेक्षा किंचित फिकट घ्यावी, कारण ती त्वचेलाच रंगवते.

हेल्मेटने भोवऱ्यावरचा थर घासला जातो. कामावर पोचल्यावर लावा, निघताना नको. फेट्याचं तसंच. नवरदेवाने फेटा उतरवायचा असेल तर पुढची हेअरलाइन पुन्हा करावी लागते, म्हणून लहान डबी आणि कंगवा करवल्याकडे देऊन ठेवा. गणपतीच्या मिरवणुकीत, जी बेळगावात दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, किंवा सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाताना कन्सीलर नकोच. होल्ड स्प्रेवर गुलाल आणि भंडारा असा चिकटतो की कुठली शेड लावली होती याला अर्थ उरत नाही. ट्रान्सप्लांटला वर्षही झालं नसेल तर त्या दिवशी डोकं रुमालाने बांधा.

हेअरलाइन आणि मागची बाजू

कपाळाजवळ डबी थेट उपडी करू नका. तळहातावर थोडी पूड घेऊन ब्रशने, अर्धा सेंटीमीटर आतून लावा. खरी केसांची कड कधीच सरळ रेघेत नसते, विरळ आणि वेडीवाकडी असते. ती तशीच उघडी राहू द्या.

मागे जिथून केस काढले तिथे एफयूईत, म्हणजे केस एकेक करून काढले असतील तर, पांढरट ठिपके राहतात; त्वचेची पट्टी कापून केस घेतले असतील तर आडवा व्रण. व्रणाच्या गुळगुळीत त्वचेवर फायबर टिकत नाही. आजूबाजूचे केस बोटभर वाढवणं हा सोपा उपाय. केस लहानच ठेवायचे असतील तर दाबलेली पावडर वापरा.

डॉक्टरांपासून झाकू नका

आपल्या भागातले बरेच जण ट्रान्सप्लांट पुणे, हुबळी किंवा बेंगळूरला करून येतात आणि पुढची तपासणी व्हॉट्सॲपच्या फोटोंवर चालते. फोटोत फायबर असेल तर डॉक्टर "छान उगवलंय" म्हणतात आणि मूळचे केस आतून बारीक होत चाललेले कळतच नाहीत. लावलेले केस टिकतात, पण मूळच्या केसांची गळती औषधाशिवाय चालूच राहू शकते. फोटो धुतलेल्या, कोरड्या डोक्याचा, दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच कोनातून काढा. पुळ्या, पू, दुखणारा लाल भाग किंवा वाढत जाणारी खाज दिसली तर कन्सीलर त्या दिवसापासून बंद, आणि फोटोवर न भागवता जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. रोज रात्री झोपण्यापूर्वी शाम्पूने धुऊन टाकणं हेही यातच आलं.

एक डबी वर्षभर पुरवायचा अट्टहास नको. चौथ्या महिन्यात उगवलेला फिकट केस नवव्या महिन्यात जाड आणि गडद होतो, पुढचा भाग वर्षभरात भरतो, भोवऱ्याला पंधरा-अठरा महिनेही लागतात. दर दोन-तीन महिन्यांनी कागदाची पारख पुन्हा करा. पुढे लावणं आधी बंद करता येतं, बरेचदा भोवऱ्यापुरतीच गरज उरते, आणि तिथे सुरुवातीच्या निम्मी पूडही पुरते.