दुकानामागचा उंबर आणि शिसपेन्सिल: निसर्गाच्या नोंदी कशा ठेवाव्यात

नोंदी ठेवायच्या तर आधी जागा ठरवा, आणि ती घराजवळचीच ठरवा. ताडोबा नको, कासचं पठारही नको. तिथे वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाणं होतं आणि एका फेरीत काय बदललं ते कळत नाही. जिथून रोज जाणं-येणं आहे अशी जागा घ्या: सोसायटीमागचा ओढा, शाळेचं मैदान, एसटी स्टँडसमोरचा वड. माझी जागा म्हणजे भोरमधल्या माझ्या औषधांच्या दुकानामागचा उंबर, त्याच्या खालून जाणारा ओढा आणि घराची गच्ची. शटर उघडण्याआधीचा अर्धा तास मी उंबराखाली असते. एवढ्याशा जागेत काय दिसणार, असं गिऱ्हाइकं विचारतात. उंबर फळला की त्यांना मी मागच्या दारात नेऊन उभं करते. तांबट, कोकीळ, बुलबुल, हरियाल, नशीब असेल त्या दिवशी राखी धनेशाची जोडी, खाली पडलेल्या फळांवर खारी आणि मुंग्या. मग कोणी पुन्हा तो प्रश्न विचारत नाही.

वही जाड पुठ्ठ्याची, खिशात किंवा पर्समध्ये मावेल एवढी घ्या. लिहायला शिसपेन्सिल. पावसाळ्यात शाईची अक्षरं पसरतात, पेन्सिलची राहतात. मोबाइलवर लिहायलाही हरकत नाही, पण चित्र काढता येत नाही ही त्याची मोठी अडचण आहे. पक्ष्याच्या डोळ्यावरची पट्टी नेमकी कुठून कुठे जाते हे शब्दांत सांगायला चार ओळी लागतात आणि वेड्यावाकड्या रेघांत दहा सेकंद. चित्रकला यायला हवी असं मुळीच नाही. एक अंडाकृती गोल, त्यावर छोटा गोल, चोच, शेपटी, आणि रंग कुठे कुठे ते बाण काढून लिहायचं.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर पाच गोष्टी आल्याच पाहिजेत: तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जागा, हवा कशी होती, आणि सोबत कोण होतं. यात मी कसलीच सवलत देत नाही. औषधाच्या पट्टीवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख नसेल तर आतली गोळी कितीही चांगली असो, मी ती कोणाच्या हातात देणार नाही. बिनतारखेच्या नोंदीचंही तसंच आहे. ‘सोबत कोण’ यासाठी, की चार डोळे दोन डोळ्यांपेक्षा जास्त पाहतात. एकटीने मोजलेले पक्षी आणि भाचीसोबत मोजलेले पक्षी यांची तुलना करताना हे माहीत असावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वहीची दोन समोरासमोरची पानं वाटून घ्या. डाव्या पानावर फक्त जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं ते. उजव्या पानावर जे वाटलं ते: नाव, अंदाज, कारण, शंका. दोन्हींची सरमिसळ होऊ द्यायची नाही.

हे का, ते एका उदाहरणाने सांगते. जूनच्या सकाळी माझ्या डाव्या पानावर अशी नोंद असते: “कबुतराएवढा. पाठ राखाडी, शेपटी लांब, तिच्यावर आडवे पट्टे. डोळ्याभोवती ठळक पिवळी कडा. चोच बारीक, टोकाला मोठा आकडा नाही. भरभर पंख मारत आला, मग पंख न हलवता तरंगत उंबरात शिरला. सातभाई कलकलाट करत मागे लागले.” उजव्या पानावर: “शिक्रा? पावशा?” शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी, पावशा कोकिळेच्या कुळातला. या दोघांत भल्याभल्यांची फसगत होते, कारण पावशा रंगाने, पट्ट्यांनी आणि उडण्याच्या ढबीनेही शिक्र्यासारखाच दिसतो. सातभाई शिक्र्याला घाबरून ओरडतात तसेच पावशालाही पाहून ओरडतात. पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, तेव्हा त्यांच्या ओरडण्यावरून निवाडा होत नाही. निवाडा होतो चोचीवरून आणि पिवळ्या कडेवरून. शिक्र्याची चोच शिकारी पक्ष्याची, आकड्यासारखी वळलेली. आणि त्यानंतर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ चढत्या सुरात ऐकू आलं की उजव्या पानावरचा शिक्रा खोडायचा. पण नुसतं ‘शिक्रा दिसला’ एवढंच लिहून वही मिटली असती, तर दुसऱ्या कोणाला, किंवा स्वतःलाही पुढच्या वर्षी, ते तपासायला काहीच उरलं नसतं. नाव चुकलं तरी वर्णन खरं असेल तर नोंद वाचते.

हिवाळ्यात हाच पावशा बहुतेक गप्प असतो. त्यामुळे आवाज ऐकू न येण्याचा अर्थ पक्षी निघून गेला असा लावू नका. ‘ऐकू आला नाही’ असं डावीकडे लिहा. ‘गेला असावा’ हे उजवीकडे.

यातूनच पुढची सवय येते. जे दिसलं नाही तेही लिहायचं. नवीन माणसाला हे निरर्थक वाटतं, पण रोजची नोंद करणाऱ्याकडे हीच सर्वांत मोलाची गोष्ट असते. ‘आज अर्धा तास थांबले, चिमणी एकही नाही’ या ओळीला किंमत आहे, कारण थांबल्याचा पुरावा सोबत आहे. याच कारणाने फक्त नवलाचे पक्षी लिहू नका. कावळा, मैना, पारवा, साळुंकी सगळे लिहा आणि मोजा. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून तो घोळका केवढा दिसतो ते नजरेत धरा आणि तेवढे किती घोळके आहेत ते पाहा. नुसतं ‘खूप’ लिहू नका.

या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवता येतात. शेवटी तिथे विचारतात, की तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता येईल अशीच यादी करा. २०२३ सालचा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच याद्यांवर उभा आहे: सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदी आणि त्यावरून ९४२ जातींचा आढावा. एखादा पक्षी किती याद्यांमध्ये येतो यावरून तो वाढतोय की घटतोय ते पाहतात. तुमच्या यादीत कावळा लिहायचा राहिला, तर त्या हिशेबात कावळा ‘नव्हता’ असं धरलं जातं. सुरुवात करायला फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर होणारी चार दिवसांची पक्षीगणना चांगली, तिथे १५ मिनिटांची यादीही चालते. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळेतल्या मुलांना वही द्यायला तो आठवडा मी निवडते.

झाडांचं काम सोपं आहे आणि घाई नसलेल्यांना फार मानवतं. एक झाड धरा, आठवड्यातून ठरलेल्या वारी पाहा आणि चार गोष्टी लिहा: कोवळी पालवी, कळ्या, फुलं, फळं. प्रत्येकासमोर ‘नाही’, ‘थोडी’, ‘बरीच’ यांपैकी एक. सीझनवॉच या उपक्रमात देशभरातले लोक जवळपास असंच करतात. पळस, पांगारा, काटेसावर, बहावा ही झाडं नवख्यांना उत्तम, कारण फुलं दुरूनही दिसतात. उंबराचं थोडं वेगळं. त्याची फुलं फळाच्या आत असतात आणि बारीक गांधीलमाश्या आत शिरून परागीभवन करतात, म्हणून फुलांचा रकाना रिकामा ठेवून कच्ची फळं आणि पिकलेली फळं असे दोन रकाने करा. उंबर वर्षात अनेकदा फळतो. पक्ष्यांची यादी त्याच्याशेजारी ठेवली की कोण कधी आणि कशासाठी येतं ते आपोआप उलगडतं.

फोटोबद्दल थोडंच. झाड असेल तर पूर्ण झाड, खोडाची साल, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि पानं फांदीला समोरासमोर आहेत की एकाआड एक ते. किडा असेल तर वरून, बाजूने आणि तोंडाकडून, शेजारी एक रुपयाचं नाणं. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की जाणकार ओळख सुचवतात. त्यांचं मत उजव्या पानावर जातं, सुचवणाऱ्याच्या नावासकट. घरट्याचा फोटो काढायला फांद्या बाजूला करू नका. आई कधीकधी परतत नाही आणि उघड्या पडलेल्या घरट्यावर कावळ्याचं लक्ष जातं. घुबडाची ढोली, दुर्मीळ आमरीची (ऑर्किडची) जागा, सापाचं बीळ, हे ठिकाण कोणालाही सांगू नका. वहीत लिहा, बाहेर देताना फक्त तालुका सांगा. अंडी, पिसं, घरटी घरी आणायची नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, पण मला विचाराल तर कायदा नसता तरी नसत्या आणल्या.

रात्रीच्या नोंदी गच्चीवरून होतात. आधी वीस-तीस मिनिटं अंधारात बसा, त्याशिवाय डोळे सरावत नाहीत. बॅटरीच्या काचेला लाल जिलेटीन कागद लावा आणि मोबाइल खिशात ठेवा. अंतर मोजायला मूठ पुरते: हात ताणून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश व्यापते. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला ध्रुव शोधा. ध्रुवाची उंची आपल्या गावाच्या अक्षांशाएवढी, म्हणजे भोरहून सुमारे १८ अंश, दोन मुठींना थोडी कमी. आता मागे वळा. त्याच वेळी दक्षिणेला अगस्ती जवळजवळ तेवढ्याच उंचीवर, १९ अंशांवर असतो. एका बाजूला जागचा न हलणारा मंद ध्रुव, दुसऱ्या बाजूला झगझगीत अगस्ती, आणि आपण मधे. हे मी कितीही जणांना दाखवलं तरी मला दरवर्षी तेवढाच आनंद होतो. अगस्ती रोज चार मिनिटं लवकर येतो, म्हणजे महिन्याला दोन तास. तारीख आणि वेळ लिहिली नसेल तर हे कधीच पकडीत येणार नाही.

ताऱ्याचं तेज लिहिताना ‘छान चमकत होता’ असं न लिहिता शेजारच्या ताऱ्याशी ताडून लिहा. मृगाच्या चार पायांपैकी तांबूस तारा म्हणजे काक्षी. तो एरवी शेजारच्या वृषभ राशीतल्या रोहिणी ताऱ्यापेक्षा तेजस्वी असतो. २०१९च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रोहिणीपेक्षा स्पष्टच फिका दिसत होता. त्याने बाहेर टाकलेल्या वायूतून तयार झालेली धूळ आड आली होती. ज्यांच्या वहीत ‘काक्षी रोहिणीहून किंचित जास्त’ अशा ओळी आधीपासून होत्या, त्यांना तो बदल नुसत्या डोळ्यांनी कळला.

आकाश किती काळं आहे हेही मोजता येतं. अमावास्येच्या आसपास मृगाच्या चौकटीच्या आत, बाणाचे तीन धरून, किती तारे दिसतात ते मोजून लिहा. शेजारी कोणता नवा दिवा लागला तेही लिहा. २००६ पासून चाललेल्या ग्लोब ॲट नाइट या उपक्रमात अशी निरीक्षणं पाठवता येतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आकाश काळं राखणाऱ्या उद्यानाचा, मान मिळाला, तिथे दिवे झाकून खाली वळवले गेले. आपल्या गल्लीतल्या खांबासाठी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे अर्ज करायचा तर हातात आकडे हवेत. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी तारे ओळखायला ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जावं. १९४४ पासून हौशी लोकांची ही संस्था काम करते आहे. मेअखेरीस घाटाकडे काजवे पाहायला गेलात तर बॅटरी आणि फ्लॅश पूर्ण बंद. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला हाक असते, आणि आपल्या उजेडात ती हरवते. कोणत्या झाडावर, किती वाजता, पहिला पाऊस कधी झाला, एवढं अंधारात लिहिता येतं.

माणसांचं ऐकून लिहिण्यासाठी वहीच्या शेवटी काही पानं राखून ठेवा. हिर्डस मावळातून रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या एक आजी दरवर्षी मला सांगतात, की त्यांच्या बांधावर मृगाचा किडा निघाला की नाही. लाल मखमली किडा, पहिल्या पावसानंतर काही दिवसच दिसणारा. ते मी ‘ऐकलेलं’ असं लिहून, गावाच्या नावासह, तारखेसह ठेवते. त्यांच्या घरचे लोक बी पेरायला घेतात तोही दिवस विचारते.

महिना संपला की पानांचे फोटो काढून दुसरीकडे ठेवा. वह्या भिजतात, वाळवी लागते. मग एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांच्या आडव्या ओळी आणि वर्षांचे पाच उभे रकाने आखा. पहिला पावशा ऐकला ती तारीख, पळसाचं पहिलं फूल, उंबराची पिकलेली फळं, धोबी पक्षी हिवाळ्यात पहिल्यांदा दिसला तो दिवस, मृगातले तारे. प्रत्येक चौकोनात एवढंच, बारीक अक्षरात. यंदाचं पावशाचं पान अजून आखलं नसेल तर ते आजच आखून घ्या, आणि ज्या दिवशी ऐकू येईल त्या दिवशी वेळही लिहा.