गाडीवरचे जुने स्टिकर रंगाला धक्का न लावता कसे काढावेत?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत सेकंडहँड गाडी घेतली की तिच्याबरोबर आधीच्या मालकाच्या सोसायटीचा पार्किंग स्टिकर, कंपनीचा गेटपास आणि डिकीवरचा 'आईचा आशीर्वाद' हेही घरी येतं. यातलं काहीही नखाने किंवा किल्लीने खरवडू नका. खरा त्रास कागदाचा नसतो, त्याखालच्या चिकट्याचा असतो. तो उष्णतेने सैल होतो आणि तेलाने सुटतो. जोर लावला तर रंगच जातो.

आधी काय काढायचं नाही ते बघा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना समोरच्या काचेवर आतून इंधनाचा रंगीत स्टिकर असतो, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा आणि डिझेलला केशरी. त्यावर गाडीचा नंबर असतो, तो राहू द्या. फास्टॅग एकदा उचकटला की पुन्हा वापरता येत नाही. तो जुन्या मालकाच्या नावावर असेल तर त्यांना आधी खातं बंद करायला सांगा, मगच काढा. मुलुंड, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नसला, तरी पुण्याला जाताना एक्सप्रेसवेवर फास्टॅग लागतोच.

मग गाडी नीट धुवा. घोडबंदर रोडची बारीक धूळ तशीच ठेवून वर फडकं घासलंत, तर ती पॉलिश पेपरसारखी रंगावर फिरते. काम सकाळी, सावलीत करा. दुपारी तापलेल्या पत्र्यावर लावलेलं काहीही लगेच वाळतं.

आता रंगावरचा स्टिकर. केस वाळवायचा ड्रायर वीतभर अंतरावरून सतत फिरवत ठेवा, एका जागी धरू नका. पत्र्यावर हात टेकवता येईल इतकाच तो गरम हवा. पेंटरकडची हीट गन इथे अजिबात नको. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर गरम पाण्यात पिळलेला जाड टॉवेल दोन-तीन मिनिटं दाबून धरला तरी चालतो. मग जुन्या एटीएम कार्डाने एक कोपरा उचला आणि स्टिकर त्याच्याच अंगावर दुमडून, पत्र्यालगत, हळूहळू मागे ओढा. चिकट्याचे तार ताणले जाताना दिसले की थांबा, पुन्हा ऊब द्या, मग पुढे सरका. वर्षानुवर्षं उन्हात करपलेला स्टिकर तुकड्या-तुकड्यानेच निघतो. त्याला वेळ लागणारच, घाई करू नका.

गाडीचा तो भाग कधी बाहेरच्या गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला असेल तर फार सांभाळून. असा रंग कधीकधी स्टिकरबरोबर सोलून येतो. तिथे ऊब कमी द्या आणि कडेने तेल मुरू द्या.

उरलेल्या चिकट्यावर कापसाने खोबरेल तेल लावून दहा-पंधरा मिनिटं सोडा. मग मायक्रोफायबरच्या फडक्याने हलकेच पुसा, हवं तर पुन्हा लावा. माझ्या मते पहिला उपाय हाच असावा, कारण रंगाला त्याचा काही त्रास नाही. शेवटी कार शॅम्पूने धुवा, नाहीतर तेलकटपणावर धूळ बसते. तरीही डाग राहिला तर ॲक्सेसरीजच्या दुकानातलं टार रिमूव्हर आधी दाराच्या आतल्या कडेवर लावून बघा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खराब करतात. पेट्रोल तर जवळ ड्रायर असताना आणूच नका.

समोरच्या काचेला साबणाचं पाणी लावा आणि नवं ब्लेड तिरपं धरून एकाच दिशेने पुढे ढकला. मागे ओढू नका, उचलून परत ठेवा. मागच्या काचेवर आतल्या बाजूला डिफॉगरच्या बारीक रेघा असतील तर ब्लेड लावायचंच नाही. एक रेघ तुटली की तेवढ्या पट्ट्यातली वाफ जात नाही. तिथे ऊब, तेल आणि प्लास्टिकचं कार्ड एवढंच.

स्टिकर निघाल्यावर त्याच आकाराचा गडद ठसा दिसू शकतो. तिथला रंग झाकलेला होता, आजूबाजूचा उन्हाने फिकटला. हातानेच सौम्य पॉलिश आजूबाजूच्या भागावर फिरवा. फरक बराच कमी होतो, जुन्या लाल गाडीवर मात्र थोडा राहतोच. मग त्यावर वॅक्सचा एक हात द्या.