जिलेटिनच्या जेलमध्ये चांदीचे एकसारखे नॅनोकण कसे तयार करावेत

काळ्यापांढऱ्या सिनेमाच्या रिळावर दिसणारं चित्र म्हणजे जिलेटिनच्या थरात अडकलेले चांदीचे बारीक कण. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिन आणि चांदीच्या क्षारांची जोडी जमवली, आणि पुढे मुंबईच्या स्टुडिओंतलं कित्येक वर्षांचं काम त्याच जोडीवर चाललं. आपण तेच दोन पदार्थ घेणार आहोत. या पद्धतीला ‘पर्यावरणपूरक’ म्हणतात, ते कितपत खरं हे शेवटी पाहू. इथे फक्त कण मिलिमीटरच्या काही लक्षांश भागाएवढे हवेत आणि सगळे साधारण एकाच मापाचे हवेत.

खरी मेख त्या ‘एकाच मापाचे’मध्ये आहे. चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, धातूत बदलणं सोपं आहे, पण नुकतेच जन्मलेले कण एकमेकांना चिकटून गाळ होऊ न देणं अवघड. जिलेटिन हे प्राण्यांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजनपासून मिळणारं प्रथिन आहे. त्याच्या लांब साखळ्या आधी चांदीचे आयन धरून ठेवतात आणि मग कणांभोवती गुंडाळून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतात. ही ताकद मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ झिग्मोंडी यांनी ‘सुवर्णांक’ काढला. आकडा जितका लहान, तितकं संरक्षण जास्त. जिलेटिनचा सुवर्णांक ०.००५ ते ०.०१ च्या आसपास येतो, म्हणजे या बाबतीत त्याचा हात धरणारं फारसं कोणी नाही. कलिलांवरच्या, म्हणजे द्रवात तरंगत राहणाऱ्या अशा सूक्ष्म कणांवरच्या, कामासाठी झिग्मोंडींना १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा प्रयोग कॉलेजच्या लॅबमध्ये, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. स्वयंपाकघरात नको. सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा क्षार डोळ्यांना घातक आहे आणि त्वचेवर पडलं तर काळे डाग उठतात, ते कित्येक दिवस जात नाहीत. चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच. आणि अमोनियाची बाटली त्या टेबलावर आणायचीच नाही. चांदी आणि अमोनिया एकत्र ठेवले तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

सामान मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळून जातं. सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, शिवाय झवेरी बाजारात चांदी चढली की तेही चढतं, पण आपल्याला लागतं चिमूटभर. जिलेटिन साधं, बिनरंगाचं, बिनसाखरेचं घ्या. जेलीचं पाकीट चालणार नाही, आणि चायना ग्रासही नाही. ते समुद्री शेवाळापासून होतं, त्यात प्रथिन नसून कर्बोदक असतं. चांदीच्या आयनांना धातूत बदलण्याचं काम ग्लुकोज करतं, ते लॅबमधलं शुद्ध घ्या. उन्हाळ्यात पिण्याच्या ग्लुकोज पावडरीत इतरही बरंच काही मिसळलेलं असतं.

पाणी मात्र डिस्टिल्डच हवं. खात्री करायची असेल तर नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून बघा. पाण्यात दुधी धूसरपणा येतो. पाण्यातल्या क्लोराइडने तुमची चांदी पळवली, तोच हा सिल्व्हर क्लोराइड. म्हणून बीकरही शेवटी डिस्टिल्ड पाण्यानेच विसळा.

आता द्रावणं. १०० मिली पाण्यात ०.३४ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवून तपकिरी बाटलीत, उजेडापासून दूर ठेवा. दुसऱ्या बाटलीत १०० मिलीला ०.७२ ग्रॅम ग्लुकोज. सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.१ मोलर द्रावण लॅब असिस्टंटकडून करून घ्या.

दोन बीकर घ्या आणि प्रत्येकात ९० मिली थंड पाण्यावर २ ग्रॅम जिलेटिन भुरभुरा. अर्धा तास हात लावू नका, दाणे फुगू द्या. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्यांच्या आतला भाग कोरडाच राहतो. मग वॉटर बाथमध्ये ६० अंशांपर्यंत तापवून ढवळा. उकळी येऊ द्यायची नाही, साखळ्या तुटतात आणि जेल नीट बसत नाही.

पहिला बीकर बिनचांदीचा. त्यात ५ मिली ग्लुकोज आणि ५ मिली साधं डिस्टिल्ड पाणी घाला. मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडत पीएच पेपरवर ९ येईपर्यंत किती मिली लागलं ते लिहून ठेवा. हा बीकर फेकू नका. प्रथिन, साखर आणि उष्णता एकत्र आली की चांदी नसतानाही थोडा पिवळटपणा येऊ शकतो, आणि तो वजा केल्याशिवाय दुसऱ्या बीकरच्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. घाईत विद्यार्थी नेमका हाच बीकर गाळतात.

दुसऱ्या बीकरमध्ये ५ मिली सिल्व्हर नायट्रेट घालून, बीकर फॉइलने झाकून पंधरा मिनिटं ढवळा, म्हणजे आयन साखळ्यांवर पसरतात. मग ५ मिली ग्लुकोज. आता मॅग्नेटिक स्टररचा वेग वाढवा आणि मघाशी लिहून ठेवलं तेवढं सोडियम हायड्रॉक्साइड एका दमात ओता, त्याने ग्लुकोजचं काम वेग घेतं. इथे थेंबाथेंबाने घालायचं नाही. सगळ्या कणांचा जन्म एकाच वेळी झाला तर सगळे बरोबरीने वाढतात. जन्म लांबत गेला तर आधीचे मोठे होतात, नंतरचे खुजे राहतात. रसायनशास्त्रज्ञ ला मेर यांनी १९५० मध्ये मांडलेला हिशोब हाच.

द्रावण आधी लिंबासारखं फिकट पिवळं होतं, मग गडद. रंग गडद व्हायचा थांबला की ताप बंद करा. राखाडी झाक किंवा तळाशी गाळ दिसला तर कण चिकटले आहेत. तो घाणा बाद.

जेल करायचं असेल तर बीकर फ्रिजमध्ये ठेवा, पण खाण्याच्या फ्रिजमध्ये नव्हे. मुंबईच्या मे महिन्यात जिलेटिन टेबलावर बसण्याची आशा नको, ३० अंशांच्या वर ते सैलावतं. उलट क्रम करून, आधी जेल बसवून वरून चांदी ओतणंही टाळा. क्षार जेलमध्ये झिरपताना कधीकधी गाळाचे पट्टे पडतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीझगांग यांनी १८९६ मध्ये जिलेटिनमध्ये सिल्व्हर नायट्रेट झिरपताना सिल्व्हर डायक्रोमेटची अशी वलयं पाहिली होती. दिसायला सुंदर, पण आपल्या कामाची नाहीत.

तपासणीसाठी लेझर पॉइंटर दोन्ही बीकरमधून सोडा. कणांवरून प्रकाश विखुरला की त्याची रेषा दिसते. जिलेटिनमुळे बिनचांदीच्या बीकरमध्येही पुसट रेषा दिसेल, म्हणून तुलना हवी. पक्कं उत्तर यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर देतो, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र. नमुना दहापट पातळ करा आणि पहिला बीकर तितकाच पातळ करून ब्लँक, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून वापरा. शोषणाच्या आलेखात ४०० ते ४२० नॅनोमीटरजवळ शिखर यायला हवं. ते अरुंद आणि दोन्ही बाजूंना सारखं असेल तर माप बरंचसं एकसारखं आहे. उजवीकडे खांदा निघाला तर कण मोठे झालेत किंवा चिकटलेत. प्रत्यक्ष कण बघायचे तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला पर्याय नाही. पवईच्या आयआयटीत ‘सैफ’ ही प्रगत उपकरणांची सोय आहे, तिथे बाहेरचे नमुनेही शुल्क घेऊन तपासतात.

‘पर्यावरणपूरक’ हा शब्द इथे अर्धाच खरा आहे. ग्लुकोजचंच काम करणारी हायड्रॅझिन किंवा सोडियम बोरोहायड्राइड ही घातक रसायनं टळली, हे उत्तम. पण चांदी जलचरांना विषारीच राहते, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंनाही. म्हणून बेसिनमध्ये काहीही ओतू नका. उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये मीठ घाला, पांढरा साका बसू द्या, गाळून बाटलीत भरा. बाद झालेला घाणा वेगळ्या बाटलीत. दोन्हींवर नाव आणि तारीख लिहून कॉलेजच्या घातक कचऱ्यात द्या.