वॉरगेमचं टेरेन घरच्या सामानातून करताय? या चुका टाळा

वॉरगेम म्हणजे छोट्या पुतळ्यांनी टेबलावर खेळायची लढाई, आणि टेरेन म्हणजे त्या टेबलावरचे डोंगर, झाडं, जमीन. २८ मिमी उंचीचे मावळे टेबलावर उभे करायला महागडं परदेशी टेरेन लागत नाही. वाळू, काटक्या, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, खराट्याच्या काड्या, घोसाळ्याची वाळलेली जाळी, एवढ्यात अख्खी खिंड उभी राहते. पण नवी मंडळी त्याच त्याच चुका करत राहतात आणि मेहनत वाया जाते. त्यातल्या दोन चुकांवर सविस्तर लिहिणं आता भागच आहे.

पहिली चूक चहाच्या चोथ्याची. परदेशी व्हिडिओत सांगतात, वापरलेली पत्ती वाळवा आणि गोंदावर पसरा, जंगलातला पालापाचोळा तयार. त्यांच्यासाठी ते खरंही आहे, कारण त्यांची पत्ती नुसत्या गरम पाण्यातून निघते. आपला चोथा दूध, साखर आणि आल्यात खळखळून उकळलेला असतो. ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाने प्रतापगडाच्या लढाईसाठी जावळीचं रान केलं होतं. काम सुरेख होतं. काटक्यांचे बुंधे, त्यावर घोसाळ्याच्या जाळीचा पाला, आणि खाली गाळणीतला चोथा थेट फेव्हिकॉलवर दाबलेला. धुतला होतास का, असं विचारलं तर म्हणाला, “दोन दिवस उन्हात वाळवला ना, दादा.” जुलैत त्याचा फोन आला. कपाटावरून टेरेन उतरवलं तर पाचोळ्यावर हिरवट-पांढरी बुरशी, बुंध्यांभोवती मुंग्यांची रांग आणि आंबूस वास. चोथा खरवडायला गेलो तर फेव्हिकॉलच्या थरासकट खालची रंगवलेली वाळूही पापुद्र्यासारखी निघून आली. खालची एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, फळी तेवढी वाचली.

ऊन फक्त पाणी काढतं, दूध-साखर तिथेच राहते. पावसाळी हवेतली ओल मिळाली की ती पुन्हा जागी होते. म्हणून चोथा पाणी नितळ येईपर्यंत धुवा, साध्या पाण्यात एकदा उकळा, फडक्यात पिळा आणि पातळ पसरून वाळवा. मुठीत दाबल्यावर कुरकुरला पाहिजे. मी तर कोऱ्या चहाचाच चोथा बाजूला ठेवतो आणि तोही धुतो. टेबलावर चिकटवल्यावर वरून पातळ फेव्हिकॉलचा हात देतो: एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणामुळे पाणी थेंब धरून न बसता आत मुरतं. रात्रभर वाळलं की दुसरा हात. एकाच हातात उरकायची घाई असेल त्याने नैसर्गिक सामानाच्या वाटेला जाऊच नये.

काटक्यांनाही हाच नियम. पावसाळ्यात गोळा केलेली काटकी आतून ओली असते आणि तिच्यात पोखरणारी कीड असू शकते. मी दिवाळीनंतरच काटक्या गोळा करतो आणि ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास, समोर उभं राहून, तापवतो. राजगिरा, रवा, मोहरी असलं खाण्याचं काहीही टेरेनवर लावू नका. कणकेची खळही नको, तिच्यावर झुरळं आणि कसर येतात. पुस्तक बांधणारे तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं. पोरंबाळं असलेल्या घरात नकोच.

दुसरी चूक रंगाची, आणि ही मला जास्त खुपते. लढाई कुठलीही असो, टेबल पोपटी हिरवं. अरे, आधी तारीख बघा! सिंहगड घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० ला. तेव्हा सह्याद्रीवरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. पावनखिंडीची झुंज १३ जुलै १६६० ची, म्हणजे हिरवं रान, चिखल आणि ओला काळा कातळ. मराठी फौजा बहुतेक दसऱ्याला सीमोल्लंघन करूनच मोहिमेवर निघत, म्हणजे तुमच्या बहुतेक टेबलांवर वाळलेलं गवतच हवं. पानिपतासाठी कोणी टेकड्या करून आणतं तेव्हा तर काय बोलावं कळत नाही. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई सपाट मैदानात झाली.

वाळलेल्या गवतासाठी सुतळीइतकं सोपं काही नाही. दोरा उसवा, ७-८ मिमीचे तुकडे कापा, चिमटीत धरून फेव्हिकॉलच्या थेंबात उभे रोवा आणि थेंब घट्ट होईपर्यंत धरून ठेवा. रंग द्यायचीही गरज नाही. सह्याद्रीच्या कड्यासाठी थर्माकोलचे थर आडवे ठेवा आणि कडा सुरीने सरळ न कापता हाताने तोडा. आपला बेसॉल्ट थरावर थर असाच दिसतो. उभ्या भेगांची झाडाची साल लावली की तो कडा आपला वाटत नाही.

थर्माकोलवर स्प्रे पेंट थेट मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. आधी अ‍ॅक्रिलिक रंग आणि फेव्हिकॉल मिसळून दोन हात द्या, एकही पांढरा ठिपका उघडा राहता कामा नये. समुद्राची वाळू आणलीत तर गोड्या पाण्यात तीन-चारदा धुवा, नाहीतर मीठ ओल धरतं. वाळू चाळणीतून चाळूनच घ्या: २८ मिमीच्या पुतळ्यांच्या १:५६ मापात ४ मिमीचा खडा म्हणजे २२ सेंटिमीटरचा धोंडा होतो. टेरेनखालचा पुठ्ठा ओल्या गोंदाने वाकतो, म्हणून ३ मिमीचा एमडीएफ घ्या. उतार एकसलग केलात तर मावळे घसरतात. मावळ्याच्या पायाखालची २५ मिमीची चकती (बेस) टेकेल अशा सपाट पायऱ्या ठेवा.

आणि गडावरून दगड, शेवाळ, तटाचे तुकडे आणू नका. “अस्सल रायगडचा दगड” म्हणून कौतुकाने दाखवणारे भेटतात, मला त्याचा मनापासून राग येतो. बांधकामाच्या ढिगातली खडी हातोडीने फोडा, काळ्या रंगाचा हात द्या, वर राखाडी रंगाचा कोरडा ब्रश हलका फिरवा. टेबलावर कुणालाही फरक कळत नाही.