पकडलेल्या झिरोचं मॉडेल करताय? या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातलं जपानी झिरो लढाऊ विमान आणि त्यावर अमेरिकेचा तारा. मॉडेल करणाऱ्याला या जोडीचा मोह पडतोच. मलाही पडला. परभणीत घरच्या मागच्या खोलीत बसून मी अमेरिकेच्या हाती लागलेल्या अकुतानच्या झिरोची तीन प्लास्टिक मॉडेल्स केली. त्यातली पहिली दोन का बिघडली, हे सविस्तर सांगतो, म्हणजे तुमचं किट वाया जाणार नाही.

आधी विमानाची हकीकत, कारण निम्म्या चुका ती माहीत नसल्यानेच होतात. 4 जून 1942 रोजी अलास्कातल्या डच हार्बरवरच्या हल्ल्यात तादायोशी कोगा या तरुण वैमानिकाच्या झिरोला गोळी लागली आणि ऑइलची नळी फुटली. अकुतान बेटावर गवताळ सपाटी दिसली म्हणून त्याने विमान उतरवलं, पण खाली दलदल होती. चाकं रुतली, विमान उलटलं आणि कोगा जागीच गेला. 10 जुलैला अमेरिकन नौदलाच्या विमानाला ते दिसलं. तिथून ते सॅन दिएगोला नेलं, दुरुस्त केलं आणि सप्टेंबरमध्ये उडवलंसुद्धा. वेग वाढला की एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) जड होतात, नाक एकदम खाली दाबलं की इंजिन अडखळतं, या त्याच्या उणिवा तिथे कळल्या.

किट नीट बघून घ्या

बॉक्सवर ‘झिरो’ लिहिलंय म्हणून उचलू नका. आपल्याला हवं ते ए6एम2, मॉडेल 21. याच्या पंखांचा पसारा 12 मीटर. मॉडेल 52 चा 11 मीटर, आणि त्याच्या एक्झॉस्टच्या नळ्या सुट्या सुट्या बाहेर येतात. मॉडेल 32 च्या पंखांची टोकं चौकोनी छाटल्यासारखी असतात. 1/48 मापात (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतक्या मॉडेलमध्ये) 21 चे पंख 25 सेंमी भरतात, 52 चे 23 सेंमीलाही कमी. कपाटात ठेवल्यावर हा फरक लपत नाही.

एक तारीख धरा

माझं पहिलं मॉडेल इथेच बिघडलं. पकडलेल्या विमानाला दोन आयुष्यं असतात. कोगाचं विमान फिकट राखाडी, लाल वर्तुळांच्या जपानी खुणांचं. सॅन दिएगोचं विमान अमेरिकन नौदलाच्या रंगात. मी दोन्हींची खिचडी केली: नवा तारा, आणि खाली दलदलीतला चिखल! तारीख ठरवा, कागदावर लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. मग रंग, खुणा, चाकं, सगळं त्या दिवसाचं.

ताऱ्याची चूक तर फारच दिसते. मे 1942 मध्ये अमेरिकेने ताऱ्यामधला लाल ठिपका काढून टाकला, आणि बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या 1943 च्या जूनपासून आल्या. म्हणजे सप्टेंबर 1942 च्या झिरोवर निळ्या वर्तुळात नुसता पांढरा तारा हवा. सुट्या डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या) शीटवर पट्टीवाला तारा सहज मिळतो, म्हणून तोच लावला जातो.

आणि रंगाचे पोपडे उडालेले दाखवू नका, ही कळकळीची विनंती. झिरो म्हटलं की उडालेला रंग दाखवायचा, अशी सवय पडली आहे. पण हे विमान फेब्रुवारी 1942 मध्ये कारखान्यातून निघालं आणि जूनमध्ये पडलं. चार महिनेही झाले नव्हते. पुढे चाचणीसाठी दुरुस्त करून नव्याने रंगवलेलं, जपून ठेवलेलं विमान. एक्झॉस्टमागे थोडी काजळी, चाकांना थोडी धूळ, बस्स.

याचा एक अवघड परिणाम होतो. जुनाट विमानावर खरखरीत रंग मळकटपणात दडतो. इथे दडायला जागा नाही, फिनिश गुळगुळीतच लागतं. आणि मराठवाड्याच्या हवेत ते काढणं हीच खरी परीक्षा.

आपला उन्हाळा

एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळिशीला टेकला की एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनातून) निघालेला थेंब प्लास्टिकवर पोचायच्या आतच वाळतो. रंग पावडरीसारखा बसतो, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. माझ्या दुसऱ्या मॉडेलच्या डाव्या पंखावर हेच झालं. मी दाब वाढवला, तर अजून वाढलं. उपाय उलटा आहे: दाब कमी करा, ब्रश जवळ आणा, थिनर जरा जास्त घाला आणि रिटार्डरचे (रंग हळू वाळवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब टाका. फवारणी सकाळी सहा ते आठ. पंख बिघडलाच, तर पूर्ण वाळू द्या, 2000 नंबरच्या पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घासा आणि पातळ कोट द्या.

कूलर चालू ठेवून फवारू नका. त्याच्या वाऱ्याबरोबर धूळ येते आणि दमटपणाही. लॅकरचा क्लिअर कोट (वरून द्यायचा पारदर्शक थर) असेल तर त्यावर पांढरट धुकं चढतं. पावसाळ्यात कूलरशिवायही चढतं. कोरड्या दिवशी वरून नुसत्या लॅकर थिनरचा अगदी बारीक फवारा दिला की ते बहुधा उतरतं.

लाईट जाणं हे आहेच. कंप्रेसर बंद पडला की आधी कप रिकामा करा आणि नोझल थिनरमध्ये बुडवा. लाईटची वाट बघत बसलात, तर सुई अडकलीच म्हणून समजा.

बोअरचं पाणी

हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जरा थांबून सांगतो. तिसऱ्या मॉडेलवर तारा लावला. ग्लॉस कोट दिलेला, त्यामुळे डिकलखाली हवा नव्हती, चंदेरी झाक नव्हती. सकाळी पुतण्या म्हणाला, “काका, चांदणीभोवती हे पांढरं कशानं आलं वो?” निळ्या वर्तुळाच्या कडेने खडूने ओढल्यासारखी कडी उमटली होती. बोअरच्या पाण्याचा क्षार! डिकल वाटीत भिजवलं तेच पाणी कडेला साचून वाळलं होतं. पाणी टिपून घेतलं होतं, तरी.

बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्यात व्हिनेगरचे दोन थेंब टाकून कापसाच्या बडने हळूच पुसलं, तेव्हा कडी गेली. हे क्लिअर कोटच्या आधी करावं लागतं. कोटखाली डाग अडकला की तो कायमचा. त्या दिवसापासून डिकलसाठी बॅटरीचं पाणीच वापरतो. उन्हाळ्यात डिकल सरकवायलाही वेळ मिळत नाही, म्हणून जागा आधी भरपूर ओली ठेवायची.

काच

झिरोच्या काचेला चौकटीच चौकटी. मास्किंगला (रंग नको तिथे टेप लावून झाकायला) एक अख्खी संध्याकाळ द्या. काच बसवायला इन्स्टंट गम कधीच नको, त्याच्या वाफेने आतून धूसर होते आणि ते पुसता येत नाही. पांढरा फेविकॉल टूथपिकने लावा आणि रात्रभर सोडा.

तयार मॉडेल पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. माझ्या पहिल्या झिरोचा उजवा पंख मे महिन्यात तिथेच खाली झुकला. तो तसाच ठेवलाय, आणि तिसरा आतल्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीच्या कपाटात आहे.